साडेसोळा इंच

वसंत, बॅरल आली.

गुरुवारी दुपारी शूटिंग क्लबचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत आपले कागद घेऊन फिरणारा माणूस, लांबट खोकं घेऊन वर्कशॉपच्या दारात आला आणि सवयीने म्हणाला, "उस्ताद किधर?" तुला जाऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते आणि ते त्याला माहीतही होतं. तो ओशाळला. खोकं त्याने तुझ्या बाकावर ठेवलं. पोच म्हणून सही कुणाची घ्यायची यावर थोडा वेळ गेला. शेवटी तुझा वर्कशॉपमधला जोडीदार बेंजी याने सही केली आणि मला फोन लावला. बेंजी फिलिपिनो, त्याचं इंग्रजी माझ्याहून सफाईदार, पण त्या दिवशी तो एवढंच म्हणाला की आली आहे, तू ये.

मी पेपरच्या डेस्कवर होतो. इथल्या अकरा वर्षांत पहिल्यांदा पान अर्धवट सोडून उठलो.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहायला मला सांगितलंय. जन्म कुठला, आयटीआय कुठून केलंस, कुवेतला कधी आलास, मागे कोण कोण, हे दुसरं कुणीतरी चौकटीत देणार आहे. मलाही ते जमलं असतं, तेच माझं काम. पण त्यातलं सगळं तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते त्यानंतरचं आहे, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाहीये.

तर अबू फहद. वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगतो, तू मध्येच बोलू नकोस. अबू फहद निवृत्त भूगोलाचे शिक्षक, वय सदुसष्ट, शूटिंग क्लबच्या ज्येष्ठांच्या संघात चौदा वर्षं. त्यांची परवान्याची पॉइंट टू-टूची सेमी-ऑटोमॅटिक रायफल क्लबातच ठेवलेली असते. घोडा एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते, अशी ती. दोन वर्षांपासून त्यांचा डावा हात थरथरतो. फार नाही, चहाचा पेला बशीवर किणकिणतो तेवढाच. मोसमाच्या सुरुवातीला संघाची चाचणी असते. पन्नास मीटरवर वीस गोळ्या झोपून, वीस उभ्याने, चारशेपैकी तीनशे चाळीस गुण हवेत. गेल्या मोसमात त्यांचे तीनशे एकतीस झाले. एकदा चुकलं तर क्लब सांभाळून घेतो, लागोपाठ दुसऱ्यांदा चुकलं तर नाव संघातून कायमचं जातं. बायको गेल्यापासून त्या माणसाचा आठवडा शनिवारच्या सरावाभोवती फिरत होता. शनिवार गेला असता तर उरलेल्या सहा दिवसांचं त्यांनी काय केलं असतं, असं तू एकदा मला विचारलं होतंस.

रायफल तुझ्याकडे आली ती नेम का भरकटतो हे बघायला. तू बॅरलच्या तोंडाशी भिंग धरलंस आणि मग विचारलंस, "बाबा, ये किसने किया?"

"मैं," अबू फहद म्हणाले. "हर शनिवार."

ते अभिमानाने म्हणाले. वीस वर्षं दर शनिवारी ते लोखंडी गज तोंडाकडून आत घालून बॅरल साफ करत आले होते. गोळी जिथून बाहेर पडते ती कड गजाने घासून एका बाजूला अंडाकृती झाली होती. तू एकदा ती लेथवर कापून सरळ करून पाहिलीस, पण गोळीला फिरकी देणारे आतले आटेही पुढच्या दोन इंचांत गेलेले होते. घरी आल्यावर तू मला म्हणालास की त्यांना हे कसं सांगू, त्यांनी प्रेमानेच खराब केलीय रे. दुसऱ्या दिवशी तू त्यांना सांगितलंस की समुद्राच्या हवेने गंज धरलाय. मी तुला खोटं बोलताना पकडलं ते तेवढं एकदाच.

नवी बॅरल घ्यायची हे ठरलं आणि तिथून आपला वाद सुरू झाला.

जाड बॅरल घ्यायची यावर कुणाचंच दुमत नव्हतं. शेवटपर्यंत एकसारखी जाड, नळासारखी, मूळच्यापेक्षा दुप्पट वजनाची. रायफलचा पुढचा भाग जड झाला की हाताची बारीक थरथर तिथवर पोचत नाही, हे तू मला चहाच्या कपात चमचा ठेवून समजावलंस. बऱ्याच गोळ्या झाडल्या तरी ती लवकर तापत नाही, हेही. प्रश्न लांबीचा होता. वीस इंच की साडेसोळा.

अबू फहद यांना वीस हवी होती. त्यांची हिंदी बाजारात शिकलेली, मोजकी आणि ठाम. "लंबा अच्छा, उस्ताद. भारी भी, लंबा भी."

तू म्हणालास, "बाबा, भारी ठीक है. लंबा नहीं."

तिसरा मत देणारा मी. मला कुणी विचारलं नव्हतं. मी दोन रात्री इंटरनेटवर वाचून आलो आणि तुला सांगितलं की लांब बॅरलमधून गोळी जास्त स्थिर निघते, असं सगळेच म्हणतात. सगळे म्हणजे कोण, असं तू विचारलंस. मी तीन नावं सांगितली. तू म्हणालास, "ह्यातल्या कुणाचा हात थरथरतो?"

मग तू स्वयंपाकघरातून फरशी पुसायच्या मॉपचा दांडा आणलास, खालच्या बकाल्यातनं, म्हणजे वाण्याकडनं, आणलेलं तुरीच्या डाळीचं अर्धा किलोचं पाकीट त्याला सुतळीने बांधलंस आणि मला हॉलच्या मधोमध उभं केलंस. पाकीट आधी माझ्या हातापासून वीतभर लांब होतं. "धर सरळ. खांद्यासमोर. हलू नको." मी मिनिटभर धरलं. काही वाटलं नाही. मग तू पाकीट दांड्याच्या टोकाकडे सरकवलंस. डाळ तेवढीच. चाळीस सेकंदांत माझा हात लटपटू लागला आणि तू सोफ्यावर मांडी घालून बसून म्हणालास, "काय पेपरवाले? सगळे काय म्हणतात आता?"

मी दांडा खाली ठेवला नाही. मला हरायचं नव्हतं. पाकीट सुटून डाळ हॉलभर झाली आणि आपल्या घरातल्या तिसऱ्या भिडूने, त्या नांदेडच्या लॅब टेक्निशियनने, आपल्याला दोघांनाही रात्री वरण करून घातलं नाही.

दुसरं कारण तू मला नंतर, जेवताना सांगितलंस. ह्या जातीच्या रायफलीत बॅरल अॅल्युमिनियमच्या चौकटीला दोन स्क्रूंनी जोडलेली असते आणि सगळी चौकट लाकडी दस्त्यात एका स्क्रूवर बसते. लांब, जड बॅरल पुढे मोकळी लटकली की त्या एका स्क्रूवर ओढ येते आणि बॅरल केसाइतकी वाकते. पन्नास मीटरवर तो केस दिसतो. आखूड, जड बॅरल तशी ओढत नाही. वरून दुर्बीण बसवलेली असल्यामुळे लांबीचा नेमाला फायदाही नाही. हे तू आधीच सांगितलं असतंस तर वाद मिटला असता. पण तुला आधी डाळ बांधायची होती.

अबू फहद यांना तू डाळ बांधली नाहीस. त्यांना तू तीन शनिवार दिलेस. प्रत्येक शनिवारी जुन्या रायफलीच्या पुढे शिशाच्या पट्ट्या गुंडाळायचास, कधी टोकाला, कधी जवळ, आणि ते उभ्याने पाच-पाच गोळ्या झाडायचे. कुठल्या वेळी पट्टी कुठे होती ते तू सांगत नसायचास, पट्टीवर कापड लपेटलेलं असायचं. तिसऱ्या शनिवारी पाच फेऱ्यांत त्यांनी पाचही वेळा, पट्टी कुठे ते माहीत नसताना, जवळचीच बरी म्हणून निवडली. तरी ते म्हणाले की लंबा अच्छा, पण अब तुम्हारा मर्जी.

आता मला ते सांगायचं आहे जे तुला कधी सांगितलं नाही.

बॅरल हा शस्त्राचा भाग, त्यामुळे ती मागवायला परवाना लागतो. क्लबचा मंदूब सभासदांचे अर्ज गठ्ठ्याने नेतो, आणि एका मोसमात एका रायफलीला एकच बॅरल. चुकीची आली तर पुढच्या मोसमापर्यंत गप्प बसायचं. अबू फहद यांच्यासाठी पुढचा मोसम म्हणजे नाव गेल्यानंतरचा. म्हणून तू अर्ज लिहायचं काम माझ्यावर टाकलंस. तुझे शब्द होते, "तुझ्या हातून आकडा चुकत नाही."

आकडा चुकला नाही. तू मला साडेसोळा इंच सांगितलंस, फॉर्मवर मिलिमीटर हवे होते. गुणाकार केला तर चारशे एकोणीस पूर्णांक एक दशांश. चौकटीत दशांशाला जागा नव्हती. मी चारशे एकोणीस लिहिलं आणि ते तंतोतंत खरं नाही म्हणून त्याच्या आधी, तीस वर्षं डेस्कवर जे करत आलो ते केलं. 'सुमारे' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला. फरवानियातल्या टायपिंगच्या दुकानात साबरीने त्याचं अरबी केलं, "तकरीबन". साबरी इजिप्शियन, प्रामाणिक माणूस. समोर आहे तेच टाइप करतो.

अर्ज दहा दिवसांनी परत आला. कचेरीतल्या अधिकाऱ्याने मंदूबला विचारलं होतं की ही बॅरल कोण बनवतंय, त्याला तिची लांबी माहीत नाही का? पुढचा गठ्ठा तीन आठवड्यांनी जाणार होता.

तू विचारलंस, काय झालं. मी म्हणालो, साबरीने काहीतरी घोळ केला.

मला ते वाक्य तोंडातून गेल्यावर ऐकू आलं. दुरुस्त करायला एक मिनिट होतं. ते गेलं. शुक्रवारी तू बसने फरवानियाला गेलास, साबरीला जाब विचारायला. मी घरी बसून राहिलो. तू परत आलास तेव्हा हातात गरम खुबूस, म्हणजे इथल्या रोट्या, होते आणि नवा कोरा फॉर्म. फॉर्म माझ्यासमोर ठेवलास, लांबीच्या चौकटीवर बोट टेकवलंस आणि म्हणालास, "इथं फक्त आकडा." मी आकडा लिहिला. मला वाटलं, सुटलो.

पुढचं तू गेल्यानंतरचं. सकाळी कंपनीच्या बसमध्ये तू खिडकीशी बसलास आणि क्लबच्या फाटकाशी उठला नाहीस. त्या दिवसाबद्दल इथे जास्त लिहीत नाही. वहिनींना चिपळूणला फोन मीच केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की तो जेवला होता का. मी सांगितलं, हो, पोहे. त्या म्हणाल्या, बरं झालं. मग त्यांनी फोन ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही.

तुला पाठवायचे कागद करायला मी साबरीकडे गेलो. त्याने सगळं टाइप केलं आणि पैसे घेतले नाहीत. मी उठताना त्याला म्हणालो की मागे अर्जाच्या वेळी वसंतपाशी मी त्याचं नाव घेतलं होतं, चूक माझी होती, वसंतला मी हे सांगितलं नाही. इंग्रजीत म्हणालो, त्यामुळे ते आणखी कोरडं वाटलं असेल.

साबरी म्हणाला, वसंतला माहीत होतं. त्या शुक्रवारी तू त्याच्या दुकानात शिरून मोठ्याने बोलायला लागलास. त्याने खणातून माझा हाताने लिहिलेला कागद काढून तुझ्यासमोर ठेवला. तू तो वाचलास. मग खुर्ची ओढून बसलास आणि हसायला लागलास, इतका की शेजारच्या न्हाव्याने डोकावून पाहिलं. साबरीला तू म्हणालास, "पेपरवाला है. सूरज निकलेगा तो भी तकरीबन लिखेगा." चहा प्यायलास, साबरीची माफी मागितलीस आणि जाताना बजावलंस की मला यातलं काही कळू देऊ नको.

दीड महिना तू माझ्यासोबत एकाच खोलीत राहिलास, वसंत, आणि एकदाही जाणवू दिलं नाहीस. मी रोज ठरवायचो, आज सांगू. तू रोज बघत असणार, हा आज सांगतो का. मला तुझा राग येतो. तू एक शब्द काढला असतास तर मीही हसलो असतो. आणि मला हेही कळतं की ते तीन आठवडे गेले नसते तर बॅरल तुझ्या हातात पडली असती. ती तू बसवली असतीस. त्या बाकाशी उभं राहून ती पहिल्यांदा तू उचलली असतीस. हे मी कुठल्याही शब्दांत मऊ करून लिहू शकत नाही, म्हणून आहे तसं लिहिलं.

आता गुरुवार.

मी पोचलो तेव्हा अबू फहद आधीच आले होते, पायघोळ पांढऱ्या दिशदाशाच्या बाह्या कोपरापर्यंत सरसावून. बेंजीने खोकं उघडलं. आत तेलकट कागदात ती होती. मी आयुष्यात पोलादाच्या तुकड्याकडे बघून कधी हरखलो नाही, पण ती गोष्ट देखणी होती. मिट्ट काळी, सगळीकडे सारखी जाड, तोंडाची कड आत दबलेली, धक्का लागू नये म्हणून. बेंजीने व्हर्नियर लावला. चारशे एकोणीस. मी दशांश विचारला नाही.

मग भीती अशी होती की ही जाड बॅरल जुन्या लाकडी दस्त्याच्या खाचेत बसणारच नाही. खाच पातळ बॅरलची. लाकूड घासून रुंद करावं लागणार, आणि चाचणी शनिवारी, म्हणजे दोन दिवसांवर. बेंजीने कपाटातून दस्ता काढला आणि तिथेच थांबला. खाच रुंद झालेली होती. गुळगुळीत, तेल पाजलेली. दस्त्याच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, तू पेन्सिलने जाडीचा आकडा लिहिला होतास. शेजारी कपाटात बरोबर त्याच जाडीची लोखंडी कांब होती, तू लेथवर काढलेली, तिच्यावर पॉलिश पेपर गुंडाळलेला. बॅरल हजारो मैल लांब असताना तू तिच्यासाठी जागा करून ठेवली होतीस.

बेंजीने बॅरल चौकटीत सरकवली, दोन स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळले, तू शिकवलंस तसे, आणि सगळं दस्त्यात ठेवलं. बॅरल लाकडाला कुठे टेकता कामा नये, हे तपासायला त्याने बाकावरचा कालचा पेपर उचलला, त्याची पट्टी फाडली आणि बॅरलखालून घातली. पट्टी टोकापासून मागेपर्यंत विनाअडथळा गेली. त्याने ती परत ओढली. परत गेली. अबू फहद यांनी पट्टी त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः चार वेळा ओढून पाहिली. "वल्ला," ते म्हणाले. मग मीही ओढून पाहिली. तिघं मोठी माणसं एका कागदाच्या चिंधीवरून हसत होतो आणि कुणालाच दुसऱ्याकडे बघवत नव्हतं.

पन्नास मीटरवर, टेकू लावून, पहिल्या पाच गोळ्या. जुन्या बॅरलचा पाच गोळ्यांचा पसारा एक्केचाळीस मिलिमीटर होता, तुझ्याच वहीत लिहिलेला. बेंजीने निशाणाचा कागद आणला आणि माझ्यासमोर धरला. पाच भोकं एकमेकांना चिकटलेली, एका दिनाराच्या नोटेवरच्या आकड्याएवढ्या जागेत. चौदा मिलिमीटर. मी दोनदा मोजायला लावलं. दुसऱ्यांदा साडेतेरा भरलं, मी चौदाच धरतो.

शनिवारी मी सुट्टी घेतली. संपादकाला कारण सांगितलं की रायफलीची चाचणी आहे. त्याने आजारपण लिहून घेतलं.

झोपून वीस गोळ्या. अबू फहद यांनी घाई केली नाही. एकशे त्र्याण्णव. गेल्या मोसमात इथे एकशे ऐंशी होते. उभ्याने एकशे सत्तेचाळीस हवेत, असा हिशोब मागच्या बाकांवर सगळ्यांनी मनात केला. ज्येष्ठांच्या संघातले दोघं सिगारेट न पेटवता हातात धरून बसले होते.

उभे राहिल्यावर त्यांचा डावा हात बॅरलच्या खाली गेला आणि मी तो बघत राहिलो. थरथर होती. मनगटापर्यंत दिसत होती. बॅरलचं टोक हलत नव्हतं. वसंत, मी तेवढंच सांगायला एवढं लिहिलं असं समज. मनगट हलत होतं आणि टोक हलत नव्हतं.

पहिल्या अकरा गोळ्यांना शहात्तर. बारावी घाईत गेली, चार. मागे कुणीतरी श्वास सोडला. अबू फहद यांनी रायफल टेबलावर ठेवली, डोळे मिटले, हात खाली मोकळे सोडले. वेळ चालू होता. एक मिनिट गेलं. बेंजी माझ्या बाजूला तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होता, बहुधा प्रार्थना, पण मध्ये तुझं नाव होतं. त्यांनी रायफल उचलली. आठ. आठ. आठ. नऊ. नऊ. सात. आता दोन उरल्या, वीस हवेत, म्हणजे दोन्ही दहा, असं माझ्या शेजारच्याने सांगितलं. मी त्याला सांगितलं की नाही, त्याची बेरीज चुकली आहे, अकराव्या गोळीपर्यंतचा आकडा त्याने एकने कमी धरला होता आणि पंधरावी सात नव्हती, आठ होती. अठरा हवेत. तो म्हणाला, तुम्हाला कसं माहीत? मी म्हणालो, मी लिहून घेतलंय.

एकोणिसावी, नऊ. विसावीला ते फार वेळ धरून राहिले. तू असतास तर ओरडला असतास की सोडा, परत घ्या. त्यांनी खरंच सोडली. रायफल खाली आणली, परत वर घेतली. दहा.

बरोबर एकशे अठ्ठेचाळीस. तीनशे एक्केचाळीस. एक गुण जास्तीचा.

नंतरचा गोंधळ मला नीट आठवत नाही, आणि मला सहसा आठवतं. संघातल्या लोकांनी त्यांना नाकाला नाक लावून आलिंगन दिलं. बेंजी जमिनीवर बसला. कुणीतरी खैरानच्या शालेमध्ये, म्हणजे समुद्रकाठच्या सुट्टीच्या घरात, मासळी भाजायची घोषणा केली आणि मलाही मोजलं. मी बराच वेळ खिशात हात घालून फोन शोधत होतो, तुला करायला.

गर्दी पांगल्यावर अबू फहद माझ्याशेजारी येऊन बसले. रायफल मांडीवर आडवी, रिकामी, खटका उघडा. जाड बॅरलवरून त्यांनी कापड फिरवलं. मागून पुढे, तोंडाकडून नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अच्छा है. लेकिन लंबा होता तो तीन सौ पचास."

मी माझ्या आकड्यांखाली रेघ ओढली.

"अगले साल लंबा. फॉर्म तुम लिखो."

"मी नहीं लिखेगा," मी म्हणालो. माझी हिंदी अशा वेळी अशीच होते.

"क्यों?"

"उस्ताद मना करता है."

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर्कशॉपच्या दाराकडे. मग त्यांनी कापडाची घडी घातली, रायफल पेटीत ठेवली, दोन्ही खिट्ट्या लावल्या आणि उठले.

"ठीक है," ते म्हणाले. "उस्ताद को बोलो, ठीक है."

तर सांगतो, वसंत. ते हो म्हणालेत.